नाशिकहून निघालेल्या मोटारी

देवळाली कॅम्पातल्या माणसाला लेणी पाहावयाची तर लांब जाण्याचे कारण नाही. पाथर्डी फाट्याकडे वळले की तासाभराच्या आत त्रिरश्मीचा पायथा येतो. बुद्धपौर्णिमेला आपल्या सर्वांचे जाणे असतेच. त्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही बावीस जण तीन गाड्या करून कन्नडच्या डोंगरात, पितळखोऱ्याला निघालो तेव्हा शेजारीपाजारी हसले. घरची लेणी टाकून रानात कशाला धूळ खायला जाता, असे त्यांचे म्हणणे. खर्चही थोडा नव्हता. मोठ्या माणसाला सतराशे रुपये, मुलांना निम्मे. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो त्या घराला हे पैसे जड जातात, आणि हिशेब माझ्याकडे असल्यामुळे कोणाला किती जड गेले ते मला ठाऊक आहे. दोघांनी तीन हप्त्यांत दिले.

तरीही आम्ही निघालो, याचे कारण एक जुनी सहल.

बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाचे छोटेसे आत्मकथनपर लिखाण आहे. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने छापले आणि पुढे शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ या मालेच्या बाराव्या खंडात ते आले. गोरेगावला जाणाऱ्या लहान भीमरावाची बैलगाडीची हकिकत आणि बडोद्याच्या पारशी धर्मशाळेची हकिकत त्यातून आपल्या घरोघरी पोहोचली. मात्र त्याच लिखाणात १९३४ सालची एक मोटारींची सहल आहे, आणि ती आपल्या नाशिकहून निघालेली आहे, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

चळवळीतल्या सहकाऱ्यांना बाबासाहेबांबरोबर सहलीस जावयाचे होते. काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहावयाचीच, असे ठरले. बाबासाहेबांनी नाशिकला यावे आणि मंडळींनी त्यांना तेथे मिळावे. काही बसगाड्या आणि मोटारी भाड्याने घेतल्या. सुमारे तीस माणसे. नाशिकहून येवला आणि तेथून निजामाच्या राज्यात औरंगाबादकडे. सहलीचा कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. अनोळखी मुलुखात अस्पृश्य प्रवाशाला काय भोगावे लागते हे माहीत असल्यामुळे गुपचूप जावयाचे ठरले होते. ज्या गावी मुक्काम, तेथल्याच आपल्या लोकांना निरोप.

विचार करा. परदेशातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बोलून आलेला माणूस आपल्याच प्रांताशेजारी लेणी पाहायला निघतो आणि त्याला नाव लपवून जावे लागते.

दौलताबादला आपली मंडळी वाट पाहत होती. चहा घ्या, मग किल्ला पाहा, असा त्यांचा आग्रह. पण अंधार पडण्याआधी किल्ला पाहावयाचा होता म्हणून गाड्या तशाच पुढे गेल्या. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेले टाके होते आणि भोवती दगडी फरसबंदी. प्रवासाने सगळ्यांच्या तोंडावर, कपड्यांवर धूळ बसलेली. काहींनी फारसा विचार न करता त्या फरसबंदीवर हातपाय, तोंड धुतले. आत शिरून परवानगीची चौकशी चालू होते न होते तोच मागून एक वृद्ध ओरडत आला की धेडांनी टाके बाटवले. महिना रमजानचा, ओरडणारे मुसलमान. पाहता पाहता जमाव जमला. स्थानिक आपल्या लोकांनाही शिव्या बसू लागल्या की तुम्ही यांना सांगितले का नाही. प्रकरण हातघाईवर आले, तेव्हा बाबासाहेबांनी जमावाला विचारले की तुमचा धर्म तुम्हाला हेच शिकवतो काय, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या पाण्यापासून अडवाल काय. त्यावर जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर. आत कोठेही पाण्याला शिवावयाचे नाही. आणि ही अट पाळली जाते की नाही हे पाहायला बरोबर एक हत्यारी शिपाई.

आमच्या विहारात ही हकिकत एका रविवारी वाचली गेली आणि तेथेच ठरले की याच वाटेने, मोटारींनीच जावयाचे. पितळखोऱ्याचे नाव नंतर जोडले गेले. आमच्यातले एक शिक्षक म्हणाले, वेरूळ सगळे पाहतात, पण वेरूळच्या आधी कित्येक शतके जेथे छिन्नी चालली ती जागा कोणी पाहत नाही.

गाड्यांचा कारभार हवालदारकाकांकडे होता. कॅम्पात तोफखान्याची शाळा आहे, त्यामुळे आमच्याकडे लष्करी ड्रायव्हरांना तोटा नाही. काकांनी चोवीस वर्षे तोफा ओढणाऱ्या गाड्या चालवल्या, त्यातली पाच राजस्थानच्या वाळवंटात. दोन बोलेरो आणि एक क्रूझर अशी आमची तीन गाड्यांची पलटण. आदल्या रात्री त्यांनी तिन्ही ड्रायव्हरांना (त्यातला एक माझा भाचा) उभे करून नियम सांगितले. पुढच्याची धूळ आपल्या काचेवर येणार नाही इतके अंतर ठेवायचे. मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की थांबायचे, हॉर्न मारत बसायचे नाही. नाला आला तर आधी माणूस पायी उतरेल, मग गाडी. उतारावर इंजिनच्या जोरावर उतरायचे, ब्रेकवर नाही. आणि गाडीमागे वीस लिटर पाण्याचा कॅन, त्याला वाटेत कोणी हात लावायचा नाही. भाचा हसला. काका म्हणाले, “हसून घे. परवा हसशील का ते बघू.”

निफाड, विंचूर करीत येवल्याला आलो. येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. मुक्तिभूमीवर वंदना घेऊन चहा घेतला. आता समृद्धी महामार्गाने जाता येते, वेळही वाचतो, पण आम्हाला जुनीच वाट हवी होती. वैजापूर आले तशी आमच्या आत्या खिडकीला लागून बसल्या. वय शहात्तर. त्यांचे माहेर या तालुक्यातले. एरवी गाडीत सर्वांत जास्त बोलणार त्या, पण लासूर स्टेशन मागे पडेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.

दौलताबादच्या दरवाजासमोर सुट्टीची गर्दी होती. शाळांच्या बसगाड्या, पेरू विकणारे, फोटो काढणारे. तिकीट घेऊन आत जाणाऱ्याला कोणी नाव विचारीत नाही. मुले पुढे पळाली. आत्या मात्र दरवाजाबाहेरच थांबल्या. मला म्हणाल्या, “बाटली दे.” त्यांनी ओंजळीत पाणी घेतले, तेथेच दगडावर उभ्या राहून तोंड धुतले, पदराने पुसले आणि म्हणाल्या, “हं, चल आता.” आसपासच्या कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. आमच्या बायका मात्र एकेक करीत तेथे आल्या आणि सगळ्यांनी तोंड धुतले. आधी ठरलेले असे काही नव्हते.

वेरूळविषयी जास्त लिहीत नाही, ते सर्वांचे पाहिलेले आहे. पहिल्या बारा लेण्यांतून हिंडलो, दहाव्या लेण्याच्या कमानीखाली त्रिशरण-पंचशील घेतले, रात्री तेथेच मुक्काम केला. १९३४ च्या त्या प्रवासानंतर सोळा वर्षांनी, १९५० साली, बाबासाहेबांनी याच औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. आज त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. आमच्या बावीस जणांत नागसेनवनात शिकलेले दोघे होते. शेकोटीभोवती ते रात्री उशिरापर्यंत वसतिगृहाच्या आठवणी सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा झाली. वेरूळहून कन्नडपर्यंत मोठा रस्ता आहे. कन्नडपुढे चाळीसगावचा घाट उतरण्याआधी कालीमठाकडून पितळखोऱ्याची वाट फुटते. सातमाळ्याचा हा डोंगर, भोवती गौताळा-औट्रम घाटाचे अभयारण्य. आमचे चुकले असे की एका ठिकाणी रस्ता उखडलेला दिसला म्हणून आम्ही डावीकडच्या गाडीवाटेने शिरलो. पुढे जाऊन परत रस्त्याला लागू, असा भाच्याचा अंदाज. वाट सुरुवातीला मुरमाची होती, गाड्या नाचत का होईना जात होत्या. बायका मुलांना धरून बसल्या होत्या. मग मक्याची कापलेली शेते लागली, पाठोपाठ कपाशी, आणि वाट काळ्या मातीत उतरली. शेतकऱ्याने रात्री गव्हाला पाणी सोडलेले होते आणि ते बांध फुटून वाटेवर आले होते.

पहिली बोलेरो गेली. दुसरी गेली. क्रूझर मधोमध बसली. ज्यांनी काळ्या मातीत गाडी घातली नाही त्यांना सांगतो, ही माती चिखलासारखी दिसत नाही. वरून सुकलेली, खालून लोण्यासारखी. ड्रायव्हरने घाबरून जोर दिला आणि मागची चाके आणखी खोल गेली. काका ओरडले, “पाय काढ! चाक फिरवशील तेवढा खड्डा खोदशील.” सगळ्यांना उतरवले. सामान उतरवले. चाकांपुढची माती हातांनी उकरली, त्यात दगड आणि बाभळीचे फाटे भरले, मागून दहा जणांनी जोर लावला. गाडी हातभर पुढे आली आणि पुन्हा बसली. असे तीनदा झाले. उन्हे चढली. वीस लिटरचा कॅन तोवर मुलांनी संपवला होता, आणि तो कोणी उघडू दिला यावर दोन जावांचे भांडणही झाले. अकराच्या सुमारास एका मुलीला चक्कर आली. तेव्हा मात्र मला पहिल्यांदा वाटले की आपण बावीस माणसे घेऊन चूक केली. वर्गणी मी गोळा केलेली, घराघरांत जाऊन चला म्हणणारा मी.

शेताच्या टोकाला एक वस्ती दिसत होती. मी, आत्या आणि ती मुलगी तिकडे निघालो. आत्यांना नको म्हटले तरी त्या आल्या. वस्तीवर एक म्हातारी, तिची सून आणि दोन मुले. म्हातारा ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्या रानात गेलेला. मुलीला सावलीत बसवले. म्हातारीने विचारले, “कुठले?” नाशिकचे, म्हणालो. “नाशिकात कुठं?” देवळाली कॅम्प. “आडनाव काय?”

हा प्रश्न आपल्याला सर्वांना ठाऊक आहे. तो कधी सहज असतो आणि कधी नसतो, आणि विचारणाऱ्याच्या तोंडावरून ते ओळखता येत नाही. बँकेत, बदलीच्या गावी, भाड्याच्या खोलीसाठी, किती वेळा तो मला विचारला गेला याची मोजदाद नाही. मी आडनाव सांगितले, आणि पुढे म्हणालो की आम्ही बौद्ध, पितळखोऱ्याला लेण्यांना निघालो आहोत. म्हातारी काही बोलली नाही. आत गेली आणि तांब्या घेऊन आली. आम्ही ओंजळी धरल्या आणि तिने वरून पाणी ओतले. आधी मुलीला, मग आत्यांना, मग मला. पाणी थंड होते, विहिरीचे. मुलगी सावध झाली.

परत येताना ही गोष्ट मी तरुणांना सांगितली आणि तेथे चिखलातच वाद पेटला. भाचा म्हणाला, पेला का दिला नाही, वरून का ओतले, हे तेच आहे, फक्त शब्द बदलले. शिक्षक म्हणाले, अहो, रानात पेले कोठून आणायचे, तीही तशीच पीत असेल. भाचा म्हणाला, आडनाव ऐकल्यावरच ओतले ना! दोघांचेही मला पटत होते, आणि दोघेही खात्रीने बोलत होते याचा रागही येत होता. शेवटी आत्यांकडे सगळ्यांनी पाहिले. लहानपणी वैजापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी पाटलाच्या विहिरीवर तासन्‌तास उभे राहून त्यांनी पाणी मागितलेले. त्या म्हणाल्या, “वरून ओतलं म्हणून काय झालं. त्या वेळी तांब्या इतका वर धरायचे की अर्धं पाणी छातीवर सांडायचं. हिचा तांब्या माझ्या बोटाला लागला. दोनदा लागला. तिनं मागं घेतला नाही.” भाच्याने आणखी काही बोलायला तोंड उघडले, पण काकांनी त्याला फावडे हातात दिले.

तासाभराने म्हातारा ट्रॅक्टर घेऊन आला. आमचा दोर बांधला, पहिल्या झटक्याला तो तुटला. मग त्याने आपला नाड्याचा दोर दुहेरी करून बांधला आणि क्रूझर निघाली. डिझेलचे पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. मात्र ही वाट चुकीची असून उखडलेल्या रस्त्यानेच पाचेक मिनिटांत पोहोचला असता, हे त्याने हसून सांगितले. काकांनी भाच्याकडे पाहिले. भाचा हसला नाही.

पितळखोरे वरून दिसतच नाही. पठारावर गाड्या उभ्या करून पायऱ्या उतराव्या लागतात, मग नाला आणि नाल्याच्या कड्यात लेणी. एकंदर तेरा-चौदा, काही नाल्याच्या या अंगाला आणि काही त्या अंगाला. काल निर्विवाद सांगता येत नाही, पण जुनी लेणी इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासची, म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांच्या पिढीतली. महारठ्ठात धम्म सांगायला महाधम्मरक्खित थेरांना पाठवल्याचे महावंसात आहे. तो धम्म व्यापाराच्या वाटांनी डोंगरात शिरला. पैठणहून उत्तरेकडे खानदेशात उतरणारी एक वाट याच डोंगरातून जात होती. पलीकडे खाली पाटणादेवी आणि पाटण, जेथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांसाठी मठ दिल्याचा यादवकालीन शिलालेख सापडला, ते आहे. तेथे जावयाला आम्हाला वेळ उरला नव्हता.

पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. येथला दगड ठिसूळ आहे. लेण्यांचे दर्शनी भाग ढासळून गेले आहेत, खांब तुटले आहेत, निम्मे काम नाल्यात वाहून गेले आहे. एका बाईने विचारले, “एवढ्यासाठी आलो का?” मुलांना तर भूक लागली होती. चौकीदाराने कड्यावरचे आग्या मोहोळ दाखवले आणि आवाज करू नका म्हणून बजावले. म्हणून तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यात आम्ही वंदना घेतली ती कुजबुजत. आजवर मी लाऊडस्पीकरवरच्या पुष्कळ वंदना घेतल्या आहेत. एकवीस माणसे हळू आवाजात बुद्धं सरणं गच्छामि म्हणतात तेव्हा कसे ऐकू येते, ते मला त्या दिवशी कळले. (बाविसावा भाचा वर गाड्यांपाशी होता. काकांची शिक्षा.)

त्या चैत्याच्या अष्टकोनी खांबांवर रंगवलेल्या बुद्धप्रतिमा पुसट दिसतात. त्या नंतरच्या, पाचव्या-सहाव्या शतकातल्या. खांब कोरले गेले तेव्हा येथे बुद्धाची मूर्ती नव्हती, फक्त स्तूप होता. आणि खांबांवर देणाऱ्यांची नावे आहेत. पतिठाण म्हणजे पैठण, तेथला गंधिक कुळातला मितदेव, हा सुगंधी वस्तूंचा व्यापारी. त्याच पैठणच्या संघकाचे मुलगे. शेजारच्या विहारात राजवैद्य मगिल, जो आपली ओळख आईच्या नावाने, वछीचा पुत्र म्हणून करून देतो. आणि त्याची मुलगी दता. तिचे नाव वेगळे कोरलेले आहे. आमच्या मुलींना मी ते सांगितले तेव्हा त्यांनी अक्षरे कोठे आहेत म्हणून पुन्हा पुन्हा विचारले. राजवैद्य मगिलाखेरीज दरबाराशी संबंधित असे यांत कोणी नाही, आणि मगिलही राजा नव्हे, नोकरदार.

आपल्या त्रिरश्मीतही असेच आहे, आणि बी.कॉम. झालेल्या माणसाला तर तेथे हिशेबच वाचायला मिळतो. दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजार महिना शेकडा एक व्याजाने आणि एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. लेण्यातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. वीस गुणिले बारा, बरोबर दोनशे चाळीस. ठेव मोडायची नाही, व्याजच वापरायचे. तो उषवदात मोठा माणूस, नहपान क्षत्रपाचा जावई. पण पैसा ठेवला तो विणकरांकडे, म्हणजे त्या काळी विणकरांची पत तेवढी होती. आणि त्याच डोंगरातल्या चैत्यगृहाच्या कमानीवर धंभिक नावाच्या एका गावाने मिळून दान दिल्याचा लेख आहे. गावाची वर्गणी. आमच्या दोन हप्तेकऱ्यांना मी हे पितळखोऱ्यात उभे राहून सांगितले, तेव्हा एक म्हणाला, त्या गावातही कोणी तीन हप्त्यांत दिले असतील.

पितळखोऱ्यातली सगळ्यात नावाजलेली मूर्ती आता तेथे नाही. पोट सुटलेला, हसणारा, डोक्यावर दोन्ही हातांनी पात्र तोलणारा ठेंगू यक्ष, साडेतीन फुटांच्या आसपासचा. १९५० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी येथला ढिगारा उपसला, त्यात तो सापडला. तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर लेख आहे, की हे कण्हदास सोनाराने केले. दगडाचे काम, आणि करणारा सोनार. आपल्याकडे ज्याचा हात चालला त्याचे नाव सहसा राहत नाही. देवळाली कॅम्पातल्या अर्ध्या इमारती आमच्या आजे-पणज्यांनी बांधल्या, पण कोठे एक अक्षर नाही. कण्हदासाचे राहिले.

चौथ्या क्रमांकाच्या विहाराकडे जाणाऱ्या पायऱ्यांपाशी आम्ही जास्त वेळ थांबलो. जोत्याला हत्तींची रांग कोरलेली आहे, दाराशी भाले-ढाली घेतलेले द्वारपाल. आणि दाराच्या बाजूला फणा काढलेला नाग. वरून येणारे पाणी लेण्यांत शिरू नये म्हणून येथे खडकाच्या पोटातून नळ्या खोदल्या आहेत. तीन महिने वर्षावासाला भिक्खू राहणार, तेव्हा पावसाची सोय आधी. पण या नागाची गोष्ट वेगळी. त्याच्या मागे खडकात पाण्याला वाट केली आहे आणि पाणी त्याच्या फण्यांच्या भोकांतून बाहेर पडावे अशी योजना आहे. शिक्षकांनी मुलांना समजावून सांगितले की डोंगर चढून, धुळीने भरून जो येईल त्याने आधी येथे पाय धुवायचे आणि मग वर जायचे.

आत्या खाली वाकून नागाकडे पाहत होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना तेथे उतरवताना दोन माणसे लागली होती. त्यांनी विचारले, “कोणीही धुवायचं का?”

शिक्षक म्हणाले, “कोणीही. येईल तो.”

आत्यांनी फण्याखालच्या भोकात बोट घातले. आत कोरडे होते, माती होती. त्यांनी बोटाने ती माती थोडी काढली आणि बाजूला टाकली. चौकीदार पाहत होता, पण काही बोलला नाही. मग त्यांनी वर चढायला हात पुढे केला.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पावसाळ्यात हा नाला धोक्याचा आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. दुपारी दोनच्या आत खाली उतरा, कारण वर येताना म्हाताऱ्या माणसांना वेळ लागतो आणि रानात लवकर अंधारते. पाणी आणि जेवण बरोबर न्या, तेथे काही मिळत नाही. उखडलेला दिसला तरी रस्ता सोडू नका. आणि भिंतींवर नावे लिहू नका, निळ्या रंगाने तर नाहीच. आपल्याच काही तरुणांनी प्रेमापोटी जयभीम लिहिलेले मी इतर लेण्यांत पाहिले आहे. ठिसूळ दगडावरचा रंग निघत नाही, तो काढायला जावे तर खालचे दोन हजार वर्षांचे काम निघते.

परतताना आम्ही ती वस्ती शोधली. म्हातारीला येवल्याच्या बाजारातला चिवडा आणि लहान मुलांसाठी बिस्किटे दिली. तिने चहा केला. कप पाचच होते, म्हणून पाच-पाच जणांनी पाळीने घेतला. मधल्या मधल्या पाळीत म्हातारा आणि त्याचा नातूही त्याच कपांतून प्याले. भाचा दोनदा प्याला.

रात्री साडेअकराला लॅम रोडला लागलो. हिशेब विहाराच्या फळ्यावर लावला आहे, कोणीही पाहू शकतो. सहाशे चाळीस रुपये शिल्लक आहेत. हवालदारकाकांच्या सांगण्यावरून त्यातून नवा दोर घ्यावयाचा आहे, कारण पुढच्या थंडीत अजिंठ्याच्या डोंगरातल्या घटोत्कच लेण्यांना जावयाचे ठरत असून जंजाळ्याची वाट, म्हणतात, याहून खराब आहे. आत्यांनी आपली वर्गणी आधीच देऊन टाकली आहे. एकरकमी.